खारघरच्या डोंगरवाटांसाठी चार कार्यालयांना मिळून एक पत्र

माननीय साहेब आणि मॅडम,

स.न.वि.वि.

पत्राच्या वर कार्यालयाचं नाव घातलेलं नाही, ते मुद्दाम. नवी मुंबईतल्या आमच्या खारघरच्या डोंगराची थोडी जमीन एकाकडे, थोडी दुसऱ्याकडे, पायथ्याचा रस्ता तिसऱ्याकडे आणि पावसाळ्यात वर जायला असलेली बंदी चौथ्याकडे. गेल्या दोन वर्षांत मी चारही ठिकाणी अर्ज दिले. माझ्याकडे आवक शिक्के चार आहेत आणि उत्तरं तीन. एक, 'सदर हद्द या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.' दुसरं, 'आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठविण्यात आला आहे.' तिसरं तोंडी, 'काका, पाऊस संपू दे.' चौथ्या कार्यालयाने काहीच कळवलेलं नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दलचं माझं मत अजून त्यातल्या त्यात बरं आहे.

पाऊस आता संपला. म्हणून हे पत्र, आणि चौघांना एकच, सगळ्यांच्या देखत. म्हणजे कुणी ते कुणाकडे पुढे पाठवायला नको.

आधी मी कोण ते सांगतो. बांधकाम खात्यात ३१ वर्षं काढून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कशी सरकते हे मला माहीत आहे, मीही कित्येक सरकवल्या आहेत. २०१६ साली दोन स्टेंट बसले आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. पहिले काही महिने सेंट्रल पार्कात फेऱ्या मारल्या. मग एका सकाळी एका ओळखीच्या गृहस्थांच्या मागोमाग डोंगराच्या सोंडेवर चढलो आणि खाली गोल गोल फिरणं कायमचं सुटलं. आज आमची दहा-बारा जणांची सकाळची मंडळी आहे. त्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, एक रिक्षावाले आहेत आणि रात्रपाळी संपवून थेट डोंगरावर येणारा एक मुलगा आहे. गेल्या तपासणीत डॉक्टरांनी औषधाची एक गोळी कमी केली. माझा स्वार्थ एवढा, तो लपवत नाही.

मागच्या आठवड्यात सोंडेच्या पहिल्या टप्प्यावर दोन तरुण भेटले. हातात चाकाची टेप, पाठीवर सॅक, एकाकडे लाल रंगाचा डबा.

"काय चाललंय?"

"सर्व्हे आहे अंकल. ट्रेल डेव्हलपमेंट."

"कुणाकडून?"

"कन्सल्टंटकडून."

याहून जास्त त्यांनाही माहीत नव्हतं. पोरं चांगली होती, मोबाइलवर चित्र दाखवलं. अडीच मीटर रुंद पेव्हर ब्लॉकची वाट, दरीच्या अंगाला स्टीलचं रेलिंग, ठराविक अंतरावर दिव्याचे खांब, आणि वर जिथे आम्ही टेकतो त्या कातळावर एक गोल चबुतरा. चबुतऱ्यावर इंग्रजीत 'सेल्फी पॉइंट'. वाटेच्या कडेला ऐनाचं जुनं झाड आहे, त्याच्या खोडावर लाल फुली मारलेली. "हा मध्ये येतो," म्हणाले.

त्या रात्री मी अंथरुणात पडून त्या वाटेचं एस्टिमेट मनातल्या मनात करत बसलो. सवय जात नाही. रक्कम बरीच मोठी निघते. आणि माझ्या अनुभवाने सांगतो, दुसऱ्या पावसाळ्यात ते काम उखडतं. पेव्हर ब्लॉक वाळूवर बसतो. सपाट फुटपाथवर ठीक आहे, पण उतारावर पाणी सांध्यांतून आत शिरतं, खालची वाळू घेऊन जातं, आणि वर ब्लॉक दात हलल्यासारखा हलत राहतो. त्यावर शेवाळ धरलं की चालणाऱ्याचा पाय गेलाच. माथेरानच्या लाल मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक टाकण्यावरून झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, हे तुमच्यापैकी कुणाला माहीत नसेल असं नाही.

आता बंदीबद्दल. बंदी का घालता हे मला कळतं, आणि तुमच्या जागी असतो तर मीही तिच्यावर सही केली असती. पांडवकड्याचा धबधबा १०७ मीटरवरून कोसळतो आणि वर पडलेल्या पावसाची खाली उभ्या असलेल्या माणसाला कल्पना नसते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कॉलेजच्या चार मुली इथे वाहून गेल्या. १८ जुलै २०२१ ला ओढा अचानक फुगला आणि पलीकडे अडकलेल्या ११६ जणांना अग्निशमन दलाने एकेक करून काढलं, त्यात ७८ बायका आणि ५ मुलं होती. ही माणसं काही वेडी नव्हती. रविवार होता, पाऊस होता आणि डोंगर हाकेच्या अंतरावर होता.

पण साहेब, या दोन्ही वेळी बंदी होतीच की. फलक होता, आदेश होता. माझी पहिली तक्रार इथे आहे. चार महिने तुम्ही डोंगर बंद ठेवता आणि उरलेल्या आठ महिन्यांत त्याच्याकडे कुणी फिरकत नाही. बंदीच्या फलकावर कोणता ओढा धोक्याचा, कोणती वाट बरी, पाणी वाढलं तर कुठून उतरायचं, फोन कुणाला करायचा, यातलं काही नाही. 'आदेशावरून' एवढंच आहे. दरवर्षी तो नव्याने रंगवला जातो, तेवढी देखभाल मात्र चोख.

यंदा ऑगस्टमध्ये आमच्यातले एक गृहस्थ पडले. ओढ्यात नाही, धबधब्यावर नाही, नेहमीच्या वाटेवर. मातीची पायरी तुटून खाली घसारा झाला होता, त्यावरून पाय सटकला आणि घोटा मोडला. बंदी असताना आम्ही वर गेलो होतो, ही चूक आमची. पण पुढचं ऐका. फोनला रेंज नव्हती. रात्रपाळीवाला मुलगा धावत वरच्या आदिवासी वाडीवर गेला आणि तिथून चौघे जण बांबू आणि गोधडी घेऊन आले. सात मिनिटांत झोळी तयार. ज्या वाटेवर आम्ही काठी टेकत उतरतो, तिथून ती पोरं अनवाणी पायांनी शहात्तर किलोचा माणूस घेऊन खाली आली. मध्ये एकदाच खांदा बदलला. पायथ्याला पहारेकऱ्याने विचारलं, "बंदी असताना वर गेलातच कशाला?" त्याचं बरोबर होतं. आमच्याकडे उत्तर नव्हतं. झोळी उचलणाऱ्या पोरांना मात्र कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

वर चाफेवाडी, फणसवाडी अशा आदिवासी वाड्या आहेत. तुमच्या कागदांत जिला 'ट्रेल' म्हटलंय ती या लोकांची वाट आहे, आपण सगळे शहर वसवायला आलो त्याच्या कितीतरी आधीपासूनची. जूनच्या पहिल्या आठवड्यात पायथ्याला पाहिलेली गोष्ट सांगतो. वाडीवरची एक ताई सकाळी शेवळं, म्हणजे पावसाच्या सुरुवातीची रानभाजी, विकायला खाली आली होती. पानांत गुंडाळलेल्या जुड्या, लुगड्याच्या गाठीला काकडं, म्हणजे काकड झाडाची आंबट फळं. शेवळं खाजरी असतात, काकडं घातल्याशिवाय भाजी घशाला लागते, म्हणून दोन्ही बरोबर विकतात. दहापर्यंत पाटी रिकामी करून ती परत निघाली, तर बॅरिकेडपाशी तिला अडवलं. "वर जायला बंदी आहे."

ती म्हणाली, "मी वर नाय चालले, घरी चालले."

सोडलं तिला, पण अर्ध्या तासाने, कुणाला तरी फोन करून. त्या पोराची नोकरी होती, त्याला दोष नाही. दोष आदेश लिहिणाऱ्याचा, ज्याच्या नकाशात डोंगरावर माणसं राहतच नाहीत. ही माझी दुसरी तक्रार. आणि आता अडीच मीटरच्या वाटेचा सर्व्हे झाला तेव्हा वाडीवर कुणाला विचारलं का, याची मी चौकशी केली. लाल डबा बघून त्यांना वाटलं होतं, झाडं तोडायला आलेत.

तिसरी तक्रार पाण्याची. ही जरा सविस्तर सांगतो, कारण यातलं मला थोडं कळतं, आणि सगळ्या भानगडीचं मूळ इथेच आहे.

आमची मुख्य वाट सोंडेवरून सरळ वर जाते. जवळ पडतं म्हणून सगळे सरळ चढले आणि तीच वाट झाली. तिचा एक तुकडा मी गवंडी पातळी बघायला वापरतात ती पाण्याची नळी लावून मोजला: ३० मीटरांत ९ मीटर चढ. ही वाट नव्हे, पन्हळ आहे. डोंगरावरून आलेलं पाणी तिला ओढा समजून तिच्यातूनच धावतं. आधी माती जाते, मग मुरूम, मग खालचे धोंडे उघडे पडतात. धोंड्यांवरून चालायला नको म्हणून लोक बाजूच्या गवतातून चालतात, तिथे दुसरी पन्हळ होते. काही ठिकाणी आता अशा तीन वाटा शेजारी शेजारी आहेत. ज्या ऐनावर लाल फुली मारलीत, त्याचं एक मूळ मी यायला लागलो तेव्हा मातीत होतं. आज ते माझ्या गुडघ्याला लागतं.

यावर सिमेंट हा उपाय नाही. वाट आडवी फिरवत न्यायची, नागमोडी. डोंगराचा जेवढा उतार असेल त्याच्या निम्म्याहून वाटेचा चढ जास्त ठेवायचा नाही, आणि सरासरी दहा फुटांत एक फूट धरायचा. दरीच्या अंगाला ती किंचित कलती ठेवायची, म्हणजे पाणी वाट ओलांडून निघून जातं, वाटेतून धावत नाही. दर वीस-पंचवीस पावलांवर ती थोडी खाली घ्यायची आणि परत वर, त्या खोलगटातून उरलंसुरलं पाणी बाहेर पडतं. जिथे नाइलाजाने खडा चढ आहे तिथे दगडी पायऱ्या, कोरड्या रचाईच्या, म्हणजे चुना-सिमेंट न घालता रचलेल्या. रुंदी तीन फूट पुरे. मुरबाडहून जुन्नरला चढणारा नाणेघाट बघून या. सातवाहनांच्या काळापासून तिथली दगडी वाट माणसं आणि जनावरं वापरत आली आहेत. ती घडवली तेव्हा सिमेंट नव्हतं.

गेल्या मे महिन्यात आम्ही पाच जण आणि वाडीतले दोघे भाऊ मिळून दोन रविवार राबलो आणि वाटेला तिरके असे सतरा दगड पुरले, पाणी बाहेर काढायला. परवानगी घेतली नव्हती, हे इथेच कबूल करतो. मागायची कुणाकडे हेच ठरलं नव्हतं. खर्च म्हणाल तर दोन पहारी, एक घमेलं आणि सगळ्यांचा चहा-भजी. परवा मोजले, चौदा जागेवर आहेत. जे तीन वाहून गेले ते मी दाखवलेल्या जागी बसवले होते. थोरला भाऊ तेव्हाच म्हणाला होता, "इथे नको काका, पाणी इकडनं येतंय." मी नळी दाखवून त्याला गप्प केलं होतं.

वणव्यांचं आणि बाटल्यांचं मी लांबवत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत पेटतं, लावलेली रोपं जळतात, हे तुमच्याच दप्तरात असेल. एवढंच सांगतो की राबती, साफ राखलेली वाट ही आयती जाळरेषा असते, वणवा तिथे अडतो.

आता तुम्ही म्हणाल, काका, शहराला पर्यटन हवंय. हवंय ना. सोंडेवर उभं राहिलं की दक्षिणेला विमानतळ दिसतो. तिथे उलव्याची सुमारे ९० मीटर उंचीची टेकडी होती, ती कापून सपाट केली. आता तिथून विमानं उडतात, त्याबद्दल आता रडत नाही, मुलगी बंगळुरूला असते, मलाही सोय झाली. पण एक टेकडी दिल्यावर दुसरी तरी टेकडीसारखी राहू दे. लांबून येणाऱ्या पाहुण्याला चबुतरा आणि दिवे त्याच्या शहरातही मिळतात.

आणि जमतं, साहेब. कासचं पठार पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं. गर्दीने फुलं तुडवली जायला लागली, तेव्हा हंगामात दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आली, आधी नोंदणी आली, शुल्क आलं, आणि राखणीला आसपासच्या गावांची वनव्यवस्थापन समिती उभी राहिली. शनिवार-रविवारी तिथेही रेटारेटी होते, सगळं छान आहे असं माझं म्हणणं नाही. पण फुलं राखणारा माणूस तिथलाच आहे आणि त्याला त्याचे पैसे मिळतात. एवढ्या लांबही जायला नको. ऐरोलीला खाडीत होडीतून फ्लेमिंगो दाखवतात. २०२२ साली ठाणे खाडीला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला, ती हीच खाडी. तिथे आधी नोंदणी करावी लागते आणि होडी भरती बघून सुटते. पाणी नसेल तेव्हा फेरी नाही, त्यावर कुणी भांडत नाही. भरती-ओहोटी बघून होडी सोडता येते, तर पाऊस बघून वाट उघडता का येऊ नये?

तर आमच्या मागण्या. मी 'आमच्या' म्हणतो, कारण सकाळच्या मंडळींनी आणि वाडीवरच्या काही घरांनी मिळून त्या ठरवल्या आहेत.

सगळ्यात आधी, लाल फुल्या मारलेलं काम थांबवा आणि तो आराखडा मराठीत लोकांसमोर ठेवा. वाडीवर जाऊन तिथल्या अंगणात बसून वाचून दाखवा. त्यांच्या हरकती त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

डोंगरासाठी एक अधिकारी नेमा. चार खात्यांची समिती नको, समित्या मी पाहिल्या आहेत. एक माणूस, एक टेबल, एक फोन, आणि तो नंबर फलकावर.

कॅलेंडर बघून सरसकट बंदी घालू नका. ओढे, धबधब्याखालचा डोह आणि ओढा ओलांडून जाणाऱ्या सगळ्या वाटा पावसाळाभर बंद, त्यात एक दिवसाचीही सवलत नको. हवामान खात्याचा लाल किंवा नारिंगी इशारा असेल त्या दिवशी अख्खा डोंगर बंद. बाकीच्या दिवशी ओढ्यापासून लांब असलेली सोंडेची वाट सकाळी सहा ते दहा, नाव नोंदवून, ठराविक माणसांना उघडी ठेवा. वाडीवरच्या माणसाला कुठल्याच दिवशी, कुठल्याच कारणाने घरी जायला अडवू नका. हे आदेशातच लिहा, पहारेकऱ्याच्या शहाणपणावर सोडू नका.

वाटेचं काम ऑक्टोबर ते मे या काळात, हाताने, इथल्याच दगडमातीत करा, आणि ते वाडीवरच्या लोकांना रोजंदारीवर द्या. ठेकेदारामार्फत नाही, थेट. एकदा करून विसरायचं हे काम नव्हे. दर पावसाळ्यानंतर पंधरा दिवस आणि आधी आठ दिवस डागडुजी लागते, तेवढी तरतूद दरवर्षीच्या अंदाजपत्रकात हवी. पहिल्या वर्षी अख्खा डोंगर हाती घेऊ नका. सोंडेचा खराब टप्पा घ्या, एक पावसाळा जाऊ द्या, मग पुढचं बघा.

शुल्क लावा. आम्ही रोजचे लोक देऊ, आमच्या मंडळींत यावर एक दिवस कडाक्याचं भांडण झालं, पण शेवटी सगळे कबूल झाले. ते पैसे वाडीच्या समितीच्या खात्यात जाऊ देत, आणि जमाखर्च पायथ्याच्या फलकावर लागू दे. त्यातून वाट दाखवणारी, पाणी-सरबत देणारी, कचरा परत खाली आणणारी माणसं उभी राहतील. ज्यांनी गोधडीची झोळी केली त्या पोरांना प्रथमोपचाराचं शिक्षण आणि दोन ठिकाणी स्ट्रेचर द्या. बाकीचं ते तुम्हाला शिकवतील.

दिवे नकोत. अंधार पडल्यावर डोंगरावर माणसाचं काम नाही, तो वेळ दुसऱ्यांचा आहे.

या पत्राच्या प्रती मी चारही कार्यालयांत स्वतः देतो आहे आणि शिक्के घेतो आहे. उत्तर कुणी द्यायचं ते आपसात ठरवा, आम्हाला एकच पुरे. तोवर दर रविवारी सकाळी सहा वाजता मी सोंडेच्या पायथ्याला असतो. चारपैकी कुणीही या, साहेब नाही जमले तर कारकुनाला पाठवा. ३० मीटरांचा तो तुकडा तुमच्यासमोर पुन्हा मोजतो. नळी मी आणतो, दुसरं टोक धरायला एक माणूस लागतो.

कळावे,

आपला,
खारघरचा एक रहिवासी
(निवृत्त शाखा अभियंता)